गिलेटचं ब्लेड आणि त्याच्या नावावर चिकटलेली युक्ती

आमच्या गल्लीतल्या सलूनमध्ये दाढीला बसलं की एक आवाज ठरलेला. दादा पाकिटातून कागदात गुंडाळलेलं नवं ब्लेड काढतात, कागदासकट लांबीच्या बाजूने दुमडतात आणि कट्‌कन मोडतात. अर्धं पातं वस्तऱ्याच्या खाचेत बसतं, उरलेलं अर्धं कागदात परत जातं, पुढच्या गिऱ्हाइकासाठी. दाढी झाली की वापरलेला तुकडा कोपऱ्यातल्या डब्यात. हातात वस्तरा आजोबांच्या वेळचाच दिसतो, पण त्याला स्वतःची धार नाही. धार कारखान्यातून येते आणि एका दाढीनंतर कचऱ्यात जाते.

धार ही जपायची नाही, फेकायची वस्तू आहे, हे ज्याच्या डोक्यात पहिल्यांदा पक्कं बसलं तो माणूस किंग कॅम्प गिलेट. 'किंग' हे त्याचं नावच होतं, पदवी नव्हे. धंद्याच्या पुस्तकांत तो दुसऱ्याच कारणासाठी भेटतो. ब्लेड बसवायची दाढीची दांडी जवळजवळ फुकट द्यायची आणि ब्लेडवर जन्मभर पैसे काढायचे, ही युक्ती त्याने शोधली असं सांगतात. प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग असली की लोक 'हे गिलेटचं मॉडेल' म्हणतात. गंमत अशी, की गिलेटच्या कंपनीने पहिली अठरा वर्षं नेमकं याच्या उलट केलं. आणि ज्या माणसाच्या नावावर ही नफ्याची चलाखी जमा झाली आहे, त्याला नफा, स्पर्धा आणि दुकानदारी हे सगळंच मोडीत काढायचं होतं.

गिलेटचा जन्म १८५५चा, विस्कॉन्सिन राज्यातल्या फाँड डू लॅक गावचा. घर पुढे शिकागोला गेलं. वडिलांचा लोखंडी सामानाचा धंदा होता. १८७१ साली शिकागोला जी प्रसिद्ध आग लागली तिच्यात तो धंदा गेला. आई खमकी होती. तिने संपादित केलेलं स्वयंपाकाचं पुस्तक पुढे कित्येक वर्षं अमेरिकेतल्या घराघरांत खपत राहिलं. पोरगा लवकरच कामाला लागला आणि फिरता विक्रेता झाला. बॅगेत नमुने, आज हे गाव, उद्या ते. सोबत छोटेमोठे शोध लावायची खोड, पेटंटंही घेतलेली, पण त्यांतून हाती फारसं लागलं नव्हतं.

फिरतीवरच्या माणसाला बाजाराची जी बाजू दिसते ती दुकानात बसलेल्याला दिसत नाही. एकाच गावात एकच माल घेऊन पाच कंपन्यांचे पाच विक्रेते उतरतात. पाच गाड्या, पाच हॉटेलबिलं, पाच जाहिराती आणि गिऱ्हाईक मात्र तेच. गिलेटला हे सगळं निव्वळ वाया जाणं वाटायचं. १८९४ साली, म्हणजे दाढीचं ब्लेड डोक्यात यायच्या आदल्या वर्षी, त्याने 'द ह्यूमन ड्रिफ्ट' नावाचं पुस्तक काढलं. त्यात मांडलं असं: स्पर्धा हीच सगळ्या दुःखांचं मूळ, म्हणून देशातलं सगळं उत्पादन एकाच महाकंपनीने करावं आणि सगळे नागरिक तिचे भागीदार असावेत. राहायला एकच अवाढव्य शहर, नाव 'मेट्रोपोलिस'. ते नायगाऱ्याच्या धबधब्याजवळ वसवायचं आणि त्याच पाण्याच्या जोरावर चालवायचं. त्यात सहा कोटी माणसं, म्हणजे त्या वेळची बहुतेक सगळी अमेरिकाच. घराघरांत वेगळी चूल नाही, मोठ्या इमारतींत सामायिक भोजनगृहं. आई पाककृती विकते आहे आणि मुलगा चूलच बंद करायला निघाला आहे! पुस्तक वाचून कुणी शहर बांधायला आलं नाही, हे सांगायला नकोच.

या काळात तो नोकरी करत होता ती बाटल्यांची बुचं विकणाऱ्या कंपनीत. सोडावॉटरच्या किंवा बियरच्या बाटलीवर दातेरी कडेचं पत्र्याचं झाकण असतं ना, ओपनरने उचकटायचं? ते विल्यम पेंटर नावाच्या गृहस्थाने शोधलं होतं, आणि गिलेट त्याच्याच कंपनीचा माल विकत होता. त्या झाकणाची खुबी अशी, की एकदा उघडलं की ते वाकतं आणि टाकून द्यावं लागतं. म्हणजे प्रत्येक बाटलीमागे कंपनीला नवं गिऱ्हाईक. पेंटरने गिलेटला सल्ला दिला, की तूही असंच काहीतरी शोध, जे लोक एकदा वापरतील, फेकतील आणि परत घ्यायला येतील. गिलेटने तो सल्ला मंत्रासारखा घोकला. वर्णमालेतलं एकेक अक्षर घेऊन त्या अक्षराच्या वस्तू आठवायच्या आणि यातलं फेकण्याजोगं काय होईल ते बघायचं, असा उद्योग त्याने कित्येक दिवस केला.

उत्तर मिळालं ते १८९५च्या उन्हाळ्यात, बॉस्टनजवळच्या ब्रुकलाइनमध्ये, आरशासमोर. त्याचा वस्तरा बोथट झाला होता. इथे वस्तऱ्याच्या धारेबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर मुद्दा कळणार नाही. धार बिघडते ती दोन प्रकारे. रोजच्या वापराने तिची अगदी टोकाची कड वळते. ती चामोटीवर, म्हणजे चामड्याच्या पट्ट्यावर, वस्तरा पुढेमागे फिरवला की सरळ होते. पण काही आठवड्यांनी धार झिजते, आणि मग चामोटी कितीही रगडली तरी उपयोग नसतो. पात्याला निसण्यावर घासून धार नव्याने काढावी लागते. ते काम येरागबाळ्याचं नाही. त्यासाठी न्हाव्याकडे नाहीतर धारवाल्याकडे जायचं. गिलेटचा वस्तरा त्या सकाळी या दुसऱ्या अवस्थेला पोचला होता.

तो हातात धरून उभा असताना त्याच्या लक्षात आलं, की दाढी करते ती फक्त कड. केसाएवढी बारीक. मागचं जाडजूड पोलाद नुसतं तिला धरून ठेवायला आहे. मग कडेपुरतंच पोलाद घेतलं तर? पातळ पट्टी, दोन्ही बाजूंना धार, आणि धरून ठेवायला वेगळी मूठ. पट्टी इतकी स्वस्त, की बोथट झाली की फेकून द्यायची. नंतर त्याने लिहून ठेवलंय, की त्या क्षणी मूठ, पातं, पकड सगळं एकदम डोळ्यांपुढे उभं राहिलं. बायको माहेरच्या बाजूला ओहायोत गेली होती. तिला त्याने कळवलं, की सापडलं, आता आपलं नशीब उघडलं. मग बाजारात जाऊन पितळेचे तुकडे, घड्याळाच्या स्प्रिंगसाठी वापरतात ती पोलादी पट्टी, कानशी आणि वस्तू आवळून धरायचा एक लहान शेगडा घेऊन आला आणि पहिला नमुना घरीच घासून बनवला.

'सेफ्टी रेझर' मात्र गिलेटचा शोध नव्हे, हेही सांगून टाकतो. पात्यापुढे कंगव्यासारखी आड ठेवून कापायची भीती घालवणारं यंत्र न्यूयॉर्कच्या काँफे बंधूंनी १८८०मध्येच बाजारात आणलं होतं. पण त्यात बसणारं पातं म्हणजे वस्तऱ्याचाच छोटा जाड तुकडा. त्यालाही रोज चामोटी लागायची. आड आधीच होती. गिलेटने आणलं ते चामोटीतून सुटणं.

आणि तिथेच घोडं अडलं. आपल्याकडे लोहार विळ्याला पाणी देतो, ते आठवा. पातं भट्टीत लाल करायचं आणि झटकन पाण्यात बुडवायचं. एकदम थंड झालेलं पोलाद कडक होतं. पण नुसतं कडक म्हणजे काचेसारखं ठिसूळ, म्हणून नंतर थोडं तापवून त्याचा ताठा उतरवायचा. विळा जाड असतो, त्याला हे सोसतं. पण कागदासारखी पातळ पट्टी लाल करून बुडवली की ती तव्यावरच्या पापडासारखी आक्रसते, वाकडीतिकडी होते. कारण एक भाग दुसऱ्याच्या आधी थंड होतो आणि ओढाताण होते. न वाकवता कडक करायची, मग तिला दाढीलायक धार लावायची, आणि हे सगळं काही पैशांत, लाखोंनी. जाणकारांनी त्याला सरळ सांगितलं, की हे होणार नाही. चाकूसुऱ्या बनवणारे आणि पोलादातले पंडित, सगळ्यांचं एकच उत्तर. पुढे तो स्वतःच म्हणाला, की मी शिकलेला इंजिनियर असतो तर तेव्हाच नाद सोडला असता.

नाद न सोडण्याचं फळ सहा वर्षांनी आलं. १९०१मध्ये त्याला विल्यम निकरसन भेटला. हा मात्र एमआयटीत शिकलेला, यंत्रं बनवण्यात मुरलेला. पातळ पोलाद कडक करायची आणि त्याला धार लावायची यंत्रं त्याने उभी केली. माझ्या मते ब्लेडचा अर्धा बाप निकरसन आहे, पण 'निकरसन' हे नाव पाकिटावर कुणाला छापावंसं वाटणार? त्यात 'निक' म्हणजे इंग्रजीत चिरा, कापल्याची खूण. दाढीच्या यंत्राला याहून वाईट नाव शोधूनही सापडलं नसतं.

पातं पातळ असलं की ते लवतं, आणि लवणारं पातं गालावर थरथरतं. याचं उत्तर यंत्राच्या डोक्यात आहे. आपण घरात पन्हळी पत्रा बघतो. तोच पत्रा सपाट असता तर उचलताना लोंबला असता, पण पन्हळीमुळे ताठ राहतो. पोस्टकार्ड एका टोकाला धरलं तर पुढे झुकतं, तेच लांबीच्या दिशेने किंचित पन्हाळीसारखं वळवलं तर सरळ उभं राहतं. गिलेटच्या यंत्रात वरची टोपी बाकदार असते. मूठ फिरवून आवळली की पातं त्या बाकावर दाबून वळतं आणि ताठ होतं. आवळलं-सैल केलं की धार आडेपुढे किती डोकावेल तेही थोडं बदलतं. कुणाकडे जुनं पितळी यंत्र असेल तर खोलून बघा, चार मिनिटांत सगळं समजतं. आमच्याकडे आजोबांचं होतं. मी ब्लेडऐवजी पोस्टकार्डाचा तुकडा घालून आवळून बघितला होता, बोटं शाबूत ठेवण्याच्या विचाराने.

कंपनी १९०१मध्ये बॉस्टनला उभी राहिली, पुढच्या वर्षी तिला गिलेटचं नाव मिळालं. पैसे संपत आले तेव्हा जॉन जॉइस नावाच्या बॉस्टनच्या धनिकाने हात दिला. त्याचा हात पुढे बराच लांब गेला, ते येईलच. विक्री सुरू झाली १९०३मध्ये. त्या वर्षीचा खप होता ५१ यंत्रं आणि १६८ ब्लेड. आकडे छापताना चूक झालेली नाही, एक्कावन्नच. पुढच्या वर्षी, १९०४ला, नव्वद हजारांवर यंत्रं गेली. त्या वर्षातला बराच काळ गिलेट स्वतः लंडनमध्ये बुचांच्या कंपनीची नोकरी करत होता, कारण ब्लेडच्या कंपनीकडून त्याला अजून पगार मिळत नव्हता.

आता किमतीकडे येऊ, कारण सगळी दंतकथा तिथेच आहे. यंत्राची किंमत होती पाच डॉलर. त्या काळच्या कामगाराच्या आठवड्याच्या मजुरीचा चांगलाच लचका. चांदीचा मुलामा, मखमली पेटी, असा थाट. काँफे मंडळींचं यंत्र आणि इतर बरीच यंत्रं याहून कितीतरी स्वस्त मिळत होती. गिलेटची ब्लेड सुरुवातीला डॉलरला वीस, पुढे डॉलरला बारा. म्हणजे दांडी फुकट वाटणं राहिलं बाजूला, दांडी हीच महागडी वस्तू होती.

असं का परवडलं? पेटंटमुळे. पेटंट म्हणजे सरकारने दिलेलं ठरावीक मुदतीचं कुंपण. तू तुझी युक्ती जगाला उघड करून सांग, बदल्यात इतकी वर्षं दुसऱ्या कुणालाही ती वापरून माल बनवता येणार नाही. अमेरिकेत तेव्हा ही मुदत मंजुरीपासून सतरा वर्षं होती. गिलेटची पेटंटं १५ नोव्हेंबर १९०४ला मंजूर झाली, म्हणजे कुंपण १९२१पर्यंत. तोवर गिलेटच्या यंत्रात बसेल असं ब्लेड दुसऱ्याला बनवता येणार नव्हतं. दांडी फुकट देऊन ब्लेडवर वसूल करायची युक्ती शोभायची ती खरं तर याच काळात, कारण गिऱ्हाईक पुरतं अडकलेलं होतं. पण कंपनीने तेव्हा ती केली नाही. श्रीमंत गिऱ्हाईक पाच डॉलर देत होतं, तोवर कुणाला घाई?

मधे पहिलं महायुद्ध आलं. अमेरिका १९१७मध्ये उतरली आणि सैनिकांना दाढीचं सामान द्यायचं ठरलं. विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसायचा तर गाल तुळतुळीत हवेत, हेही एक कारण. सरकारने सुमारे ३५ लाख यंत्रं आणि ३ कोटी २० लाख ब्लेड घेतली. यात सगळ्यात मोठा फायदा बिलाचा नव्हता. जे तरुण गावी असताना आठवड्यातून एकदोनदा न्हाव्याच्या खुर्चीत बसत, ते खंदकात रोज स्वतःची दाढी स्वतः करायला शिकले, आणि यंत्र घेऊनच घरी परतले. सवय लावायचा खर्च सरकारने केला.

मग उगवलं १९२१. कुंपण पडणार, कुणीही गिलेटची नक्कल करणार. कंपनीने तेव्हा एक चतुर चाल खेळली. मुदत संपायच्या काही महिने आधी सुधारित नवं यंत्र काढलं, नवं पेटंट घेऊन, आणि ते ठेवलं पाच डॉलरलाच. जुन्या धर्तीचं यंत्र मात्र एक डॉलरपर्यंत खाली आणलं. आता नक्कल करणाऱ्यांना पाच डॉलरच्या वस्तूशी नव्हे, एक डॉलरच्या अस्सल गिलेटशी टक्कर घ्यायची होती. पुढे तर यंत्रं ठोक भावाने दुसऱ्या धंद्यांना विकली गेली. च्युइंगम घेतलं की यंत्र भेट, बँकेत खातं उघडलं की यंत्र भेट. 'दांडी फुकट' जन्माला आली ती इथे, आणि नेमकी अशा वेळी, जेव्हा कायद्याने गिऱ्हाइकाला अडकवून ठेवायची सोय उरली नव्हती. ब्लेड आता कुणीही बनवू शकत होतं.

मग फुकट मिळालेल्या यंत्रात लोक दुसऱ्याचं स्वस्त ब्लेड घालणार नाहीत का? काहींनी घातलंच. पण ब्लेड ही गळ्यावर टेकवायची वस्तू आहे. चार पैसे वाचवायला अनोळखी पाकीट घेऊन हनुवटी कापून घ्यायला फारसं कुणी तयार नसतं, आणि गिलेटच्या पाकिटावर तर मिशीवाला ओळखीचा चेहरा होता. त्याचं चित्र पाकिटापाकिटावर छापलेलं असायचं, त्यामुळे त्या काळात जगातल्या सर्वांत ओळखीच्या चेहऱ्यांपैकी तो एक झाला. पेटंटने जे काम सतरा वर्षं केलं ते नंतर त्या मिशीने केलं.

गंमत म्हणजे या चाली खेळताना पटावर गिलेट जवळजवळ नव्हताच. जॉइसशी त्याचे खटके उडत होते, आणि १९१०च्या सुमारास त्याने आपल्या हिश्श्याचा मोठा भाग विकून टाकला होता. अध्यक्षपद नावापुरतं राहिलं. त्याचं मन परत त्या जुन्या स्वप्नात गेलं होतं. त्याच वर्षी त्याने 'वर्ल्ड कॉर्पोरेशन' नावाची जागतिक कंपनी काढायचं ठरवलं आणि अमेरिकेच्या अध्यक्षपदाहून नुकत्याच निवृत्त झालेल्या थिओडोर रूझवेल्टना तिचं प्रमुखपद देऊ केलं, दहा लाख डॉलर मोबदल्यावर. रूझवेल्टनी नकार दिला. १९२४मध्ये त्याने याच विषयावर आणखी एक पुस्तक काढलं. त्याला लिहायला मदत करणारा होता समाजवादी कादंबरीकार अप्टन सिंक्लेअर. कोट्यधीश उद्योगपती आणि समाजवादी लेखक एका टेबलाशी बसून स्पर्धा कशी संपवावी याचा खल करताहेत, आणि त्याच वेळी बॉस्टनमध्ये त्याची कंपनी स्पर्धकांना चिरडायच्या योजना आखते आहे! त्याला यात विसंगती दिसत नसावी. सगळा धंदा शेवटी एका कंपनीकडे जातो, हे तर तो १८९४पासूनच म्हणत होता.

कंपनीला शेवटी धडा शिकवला तो हेन्री गेसमनने. ऑटोस्ट्रॉप या प्रतिस्पर्धी कंपनीचा हा मालक स्वतःही शोधक होता. त्याने 'प्रोबॅक' नावाचं ब्लेड काढलं, ज्याची भोकं गिलेटच्या जुन्या यंत्रातही बसतील अशी होती. आज ब्लेडच्या मधोमध जी लांब चिरेसारखी खाच दिसते, जिच्यामुळे आमच्या दादांना ते लांबीत मोडता येतं, ती या भांडणाच्या काळातली आहे. त्याआधी गिलेटच्या ब्लेडला तीन गोल भोकं असायची. गिलेटनेही नवं यंत्र काढलं, गेसमनने पेटंटचा दावा ठोकला, आणि १९३०मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. विलीनीकरणासाठी वह्या तपासल्या तेव्हा निघालं भलतंच. परदेशातल्या आपल्याच शाखांकडे पाठवलेला माल गिलेट कंपनी 'विकला' म्हणून दाखवत होती आणि नफा वर्षानुवर्षं फुगवत होती. म्हणजे एका खिशातून काढून दुसऱ्यात घालायचं आणि कमाई झाली म्हणायचं. सूत्रं गेसमनकडे गेली. गिलेटने १९३१मध्ये नावापुरतं उरलेलं अध्यक्षपदही सोडलं.

तोवर तो कॅलिफोर्नियात स्थायिक झाला होता. सांता मोनिकाच्या डोंगरांत त्याने मोठी जमीन घेऊन ऐटबाज बंगला बांधला होता. तो आता सार्वजनिक उद्यानाचा भाग आहे, कुणालाही जाता येतं. शेअरबाजार कोसळला आणि मंदी आली तेव्हा त्याच्या संपत्तीचा मोठा भाग वाहून गेला. १९३२च्या जुलैमध्ये तो वारला.

वापरलेली ब्लेड कुठे टाकायची, हा प्रश्न मात्र त्याने लोकांच्या घरात सोडला. कचऱ्यात टाकली तर कुणाच्या तरी हाताला लागणार. म्हणून अमेरिकेत न्हाणीघरातल्या औषधांच्या कपाटाला मागे एक बारीक चीर ठेवायला लागले. ब्लेड त्यातून सरकवलं की ते भिंतीच्या पोकळीत पडतं, आणि आपल्यापुरता विषय संपतो. आज कुणी तसं जुनं घर दुरुस्तीला काढतं, न्हाणीघराची भिंत फोडतं, आणि आतून खळ्‌कन गंजक्या ब्लेडची रास पायाशी येते. चाळीस-पन्नास वर्षांच्या दाढ्यांची.